आरसी बोटीचं कपलिंग: आधी लाइन, मग जॉइंट

आमची टग, म्हणजे जहाजं ओढणाऱ्या बोटीचं रिमोटवर चालणारं (आरसी) मॉडेल, ८२ सेंटिमीटर लांबीची. आत ५४० मापाची ब्रश मोटर, ४ मिमीचा स्टेनलेस शाफ्ट, मागे ४५ मिमीचा तीन पात्यांचा पितळी प्रॉपेलर. टबात सोडून थ्रॉटल अर्ध्यावर नेला की मिक्सरमध्ये खडा पडल्यासारखा आवाज यायचा, आणि दोन मिनिटांनी मोटर आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगचा, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंटचा, मधला प्लास्टिकचा तुकडा बोटाला गरम लागायचा. अशा वेळी जॉइंट बदलून बघावा असं वाटतं. आम्ही तो बदलला नाही, कारण दोष त्याच्यात नव्हता. मोटर नजरेच्या अंदाजाने बसवली होती आणि उरलंसुरलं जॉइंट सांभाळून घेईल असं धरलं होतं. जॉइंट सांभाळून घेतोही, पण ते सगळं आवाजातून, उष्णतेतून आणि बॅटरीतून वसूल करतो. म्हणून मोटरचं माउंट उखडलं आणि काम पहिल्यापासून केलं. पुढे आहे ते त्याच क्रमाने.

सुरुवात व्हर्नियरने. ५४० आणि ५५० मोटरचा शाफ्ट ३.१७ मिमीचा असतो, म्हणजे १/८ इंच. ३८० आणि ३८५ मोटरला २.३ मिमी. जरा मोठ्या ब्रशलेस मोटरला बहुधा ५ मिमी. प्रॉपेलरच्या बाजूला छोट्या बोटीत २ किंवा ३ मिमी, मध्यम बोटीत ४ मिमी. ४ मिमीच्या शाफ्टला मागे एम-४ आटे असतात. कपलिंग घेताना ही दोन्ही मापं हातात हवीत. '४ मिमीचं नाही, ५ मिमीचं आहे, ग्रब स्क्रू आवळा म्हणजे बसेल' असं दुकानात ऐकायला मिळतं. ते ऐकू नये. ५ मिमीच्या भोकात ४ मिमीचा शाफ्ट घातला की ग्रब स्क्रू, म्हणजे कपलिंगच्या अंगातून शाफ्टवर आवळला जाणारा छोटा स्क्रू, त्याला एका बाजूला दाबतो आणि सेंटर बरोबर अर्ध्या मिलिमीटरने आउट होतं. मिनिटाला सात-आठ हजार फेऱ्यांवर हा अर्धा मिलिमीटर सगळी बोट थरथरवतो. नाइलाजच असेल तर बाहेरून ५ आणि आतून ४ मिमीची पितळी नळी कापून बुशसारखी घालावी, आणि ग्रब स्क्रू येतो तिथे तिला खाच पाडावी, म्हणजे स्क्रू नळीवर न टेकता थेट शाफ्टवर टेकतो. उलट बाजूची चूकही होते: ३ मिमीच्या भोकात ३.१७ चा शाफ्ट जात नाही म्हणून मोटरचा शाफ्ट कानसीने घासणं. हाताने घासलेला शाफ्ट गोल राहत नाही. भोक ३.२ च्या ड्रिलने मोठं करून घ्यावं, तेही लेथवर किंवा निदान ड्रिल प्रेसवर.

आता प्रकार. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा पुण्यात बोहरी आळीत फिरलं तर यंत्रांची कपलिंगं हवी तेवढी दिसतात, पण बोटीला त्यातली थोडीच चालतात. थ्री-डी प्रिंटरसाठी मिळणारं, मळसूत्रासारख्या चिरा पाडलेलं ॲल्युमिनियमचं कपलिंग स्वस्त आणि देखणं असतं. पण ते स्प्रिंगसारखं लांबतं-आखडतं, प्रॉपेलरचा रेटा आला की दबतं, आणि वेगात चिरांच्या टोकाशी तडकतं. ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस एकत्र खाऱ्या पाण्यात आले की पांढरी भुकटी धरते ती वेगळीच. जॉ कपलिंगमध्ये दोन दातेरी तुकडे आणि मध्ये रबरी चांदणी असते. ते दणकट असतं, थोडा धक्काही शोषतं. मात्र त्याचे दोन तुकडे एकमेकांना बांधलेले नसतात. रिव्हर्स दिल्यावर प्रॉपेलर शाफ्टला मागे ओढतो, आणि आतल्या बाजूला कॉलर, म्हणजे शाफ्टवर आवळलेली अडवणारी कडी, नसेल तर कपलिंग सुटून येतं. घन पितळी कपलिंग सगळ्यांत शांत चालतं, पण शाफ्ट आणि मोटर अगदी एका रेषेत असतील तरच. नाहीतर बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी, आणि मोटरचं बेअरिंग खाऊन टाकतं.

छोट्या, २ मिमी शाफ्टच्या बोटीला यातलं काहीच लागत नाही. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा किंवा सिलिकॉन नळीचा दोन-अडीच सेंटिमीटरचा तुकडा पुरतो. दोन्ही शाफ्टच्या टोकांमध्ये जेमतेम २ मिमी मोकळी जागा ठेवायची, जास्त ठेवली तर नळी पिळवटते. बाहेरून बारीक तांब्याच्या तारेचे तीन-चार वेढे आवळायचे. एनसीसीच्या नौदल शाखेत शिप मॉडेलिंग आहे. तिथे पहिलं चालतं मॉडेल करणाऱ्या मुलांनी या नळीला कमी लेखू नये. त्या ताकदीला तीच योग्य आहे. फक्त स्टर्न ट्यूबमधलं, म्हणजे शाफ्ट ज्या नळीतून बोटीबाहेर जातो तिच्यातलं, तेल तिच्यावर उडू देऊ नये. खनिज तेलाने सिलिकॉन फुगतं आणि घसरतं, सायकलचं रबर मऊ पडून चिकट होतं.

५४० मोटर आणि ४ मिमी शाफ्टच्या टगला आम्ही दुहेरी युनिव्हर्सल जॉइंटच ठेवला: दोन टोकांना पितळी इन्सर्ट, मध्ये प्लास्टिकचा तुकडा. एकेरी जॉइंट फक्त कोन घेतो. दोन शाफ्ट समांतर पण वर-खाली असतील तर तो निरुपयोगी. शिवाय एकेरी जॉइंटला कोन दिला की मोटर एकसारखी फिरली तरी प्रॉपेलर एकसारखा फिरत नाही. दर फेरीत दोनदा तो थोडा पुढे पळतो आणि दोनदा मागे पडतो. ५ अंशांवर हा फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतो, पण १५ अंशांवर साडेतीन टक्क्यांच्या आसपास जातो, आणि कुरकुर ऐकू येते ती त्याचीच. दुहेरी जॉइंटमध्ये एका बाजूची चढउतार दुसरी बाजू पुसून टाकते. त्यासाठी दोन्हीकडचे कोन सारखे हवेत, आणि मधल्या तुकड्याच्या दोन्ही टोकांचे काटे एकाच पातळीत हवेत. काही जॉइंट उघडून पुन्हा जोडता येतात, तेव्हा हे काटे ९० अंशांत जोडले गेले तर चढउतार जाण्याऐवजी दुप्पट होते.

खरं काम लाइन काढण्याचं. आधी शाफ्ट बाहेर काढून काचेवर लोळवला. काच आणि शाफ्ट यांच्यामधून उजेड कमी-जास्त दिसला तर शाफ्टला बेंड आहे, आणि बेंड असलेला ४ मिमी शाफ्ट सरळ करण्यात वेळ घालवू नये, नवा घ्यावा. मग शाफ्ट ट्यूबमध्ये घालून बोटाने टिचकी मारली. सहज दोन-तीन गरके मारले म्हणजे दोन्ही बुश एका रेषेत आहेत. आतल्या बुशाबाहेर शाफ्ट १५ ते २० मिमीच ठेवला. जास्त बाहेर राहिला की वेगात त्याचं टोक फडफडतं आणि कपलिंगचं वजन त्यात भर घालतं.

त्यानंतर लेथवाल्याकडून एक तुकडा करून घेतला. १० मिमी व्यासाचा पितळी रॉड, लांबी ४० मिमी, एका बाजूने २० मिमी खोल ३.२ चं भोक आणि दुसऱ्या बाजूने ४ चं. सांगायची गोष्ट एकच, पण ती नक्की सांगायची: रॉड चकमधून न सोडता एकाच सेटिंगमध्ये आधी ३.२ चं भोक आरपार काढा, मग पुढच्या अर्ध्याला ४ चं. मध्येच उलटा धरला तर दोन भोकांची सेंटरं जुळत नाहीत आणि तुकडा करून घेण्याचा हेतूच जातो. दोन्ही बाजूंना २.५ च्या ड्रिलने भोक पाडून एम-३ चा टॅप मारून घेतला. हा तुकडा बोटीत कायम राहत नाही. तो फक्त लाइन धरण्यासाठी.

प्रॉपेलर शाफ्ट, हा पितळी तुकडा आणि मोटर असं सगळं जोडून एकच सलग दांडा केला. आता मोटर कुठे असायला हवी हे शाफ्टच सांगतो, आपण फक्त तिच्याखाली आधार द्यायचा. ५४० च्या तोंडावर २५ मिमी अंतरावर एम-३ ची दोन भोकं असतात. त्यातून ती ॲल्युमिनियमच्या अँगलला बांधली. स्क्रूची लांबी मोजून घेतली, कारण तो मोटरच्या आत ४ मिमीहून जास्त गेला तर वाइंडिंगला टेकू शकतो. अँगल ६ मिमीच्या प्लायवर, आणि प्लाय हलच्या, म्हणजे बोटीच्या अंगाच्या, तळावर. प्लाय आणि तळ यांच्यामधली फट पाचरी ठोकून भरायची नाही. पाचर मोटर उचलते आणि लाइन गेलीच. फटीत दाट केलेलं इपॉक्सी भरलं, मोटरला अजिबात न दाबता, आणि ते घट्ट होईपर्यंत दर काही मिनिटांनी शाफ्ट हाताने फिरवत राहिलो. कुठे जड लागला तर तेव्हाच हलवता येतो, वाळल्यावर नाही. पाच मिनिटांचं इपॉक्सी फक्त दोन ठिपक्यांपुरतं वापरलं, मुख्य भराव सावकाश वाळणाऱ्याचा, आणि २४ तास बोटीला हात लावला नाही.

माउंट आधीच चिकटवलेलं असेल आणि उखडायचं नसेल तर लाइन किती आउट आहे हे मोजता येतं. कपलिंग काढायचं. मोटरच्या शाफ्टवर एक शिवणाची सुई पुट्टीने अशी बसवायची की तिचं टोक प्रॉपेलर शाफ्टच्या पृष्ठभागापासून एखाद मिलिमीटरवर राहील. मोटर हाताने फिरवत वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशा चार जागी फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पत्र्याच्या पट्ट्यांनी) मोजायची. समोरासमोरच्या फटींमध्ये जो फरक येईल त्याच्या निम्मं सेंटर आउट असतं. वर ०.६ आणि खाली १.४ आली तर मोटर ०.४ मिमी वर उचलायला हवी. पत्र्याचा ०.४ चा तुकडा माउंटखाली सरकवला की झालं. हीच मापं शाफ्टवर १५ मिमी पुढे-मागे दोन ठिकाणी घेतली तर कोनही कळतो: दोन्हीकडे फरक सारखा असेल तर मोटर फक्त समांतर सरकलेली आहे, वेगळा असेल तर तिरपी आहे.

इपॉक्सी वाळल्यावर पितळी तुकडा काढला आणि जॉइंट बसवायला घेतला. इथे अंतराचा हिशोब आधी हवा. शाफ्ट पूर्ण पुढे, म्हणजे मोटरकडे ढकललेला असताना जॉइंट त्याच्या मूळ लांबीत मोकळा बसला पाहिजे आणि इन्सर्टच्या आत १ ते दीड मिलिमीटर जागा उरली पाहिजे. पुढे जाताना प्रॉपेलर शाफ्टला आत रेटतो. तो रेटा ट्यूबच्या मागच्या बुशाने घ्यायचा असतो: बुश, त्याला लागून नायलॉनचा वॉशर, मग लॉकनट, मग प्रॉपेलर. वॉशर विसरला किंवा लॉकनट लांब राहिला तर सगळा रेटा जॉइंटमधून मोटरच्या आतल्या बुशावर जातो. मोटर गरम होते आणि दोष कपलिंगवर येतो. रिव्हर्ससाठी आतल्या बुशाजवळ कॉलर. कॉलर आणि बुश यांच्यामध्ये पोस्टकार्डाचा तुकडा धरून ग्रब स्क्रू आवळला आणि मग तुकडा ओढून काढला. तेवढी ढील पुरते.

दोन्ही शाफ्टवर ग्रब स्क्रू येतो तिथे कानसीने सपाट जागा केली, जेमतेम ०.३ ते ०.५ मिमी खोल. मोटरच्या शाफ्टवर कानस चालवताना मोटर प्लास्टिकच्या पिशवीत घालून शाफ्ट तेवढा पिशवीला भोक पाडून बाहेर काढला आणि भोकाभोवती टेप गुंडाळली. लोखंडी कीस मोटरमधलं चुंबक ओढून घेतं आणि मग तो कधीच पूर्ण निघत नाही. सपाट जागेमुळे दोन फायदे: स्क्रू फिरून निसटत नाही, आणि त्याने उठवलेला बर, म्हणजे धातूची बारीक कड, गोल पृष्ठभागाच्या वर येत नाही, त्यामुळे शाफ्ट बुशातून सरळ निघतो. आटे थिनरने पुसून कोरडे केले आणि आटे धरून ठेवणाऱ्या मध्यम ताकदीच्या थ्रेडलॉकरचा, लॉकटाइट २४३ चा, सुईच्या टोकावर मावेल एवढा थेंब दिला. प्लास्टिकच्या तुकड्याला तो लागू देऊ नये, काही प्लास्टिकं त्याने तडकतात. म्हणून इन्सर्ट आधी शाफ्टवर पक्के केले, रात्रभर ठेवले आणि मधला तुकडा सकाळी घातला. ॲलन की एम-३ ला १.५ मिमीची लागते. ती घासलेली असेल तर टोक कापून ताजं करावं. गोल झालेल्या कीने स्क्रूचा षटकोन खराब झाला की पुढचं सगळं अवघड होतं.

पाण्यात सोडण्याआधी बॅटरी आणि ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट, यांच्यामध्ये वॉटमीटर लावून एकाच थ्रॉटलवर दोन आकडे घेतले: आधी नुसती मोटर, मग जॉइंट आणि शाफ्ट जोडून, प्रॉपेलरशिवाय. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा थोडाच वर असावा. दुपटीच्या जवळ गेला तर बोट पाण्यात नेण्यात अर्थ नाही. या टगमध्ये जुन्या बसवणीचा दुसरा आकडा दुपटीहून वर होता, नव्या बसवणीचा पहिल्याला जवळजवळ चिकटून आला. जॉइंट दोन्ही वेळी तोच.

आवाज आणि हात यांवरून बरंच कळतं. शाफ्ट हाताने सावकाश फिरवताना दर फेरीत एकाच जागी जड लागला तर शाफ्टला बेंड आहे किंवा कपलिंगचं भोक सेंटरला नाही. दर फेरीत दोनदा जड-हलका लागला तर जॉइंटवर कोन जास्त आहे. सगळीकडे सारखाच जड लागला तर बुश किंवा फार घट्ट ग्रीस. मंद वेगात टिकटिक म्हणजे ग्रब स्क्रू ढिला किंवा पिन झिजलेली. एका ठरावीक वेगालाच घुमघुम आणि त्याच्या वर-खाली शांत, म्हणजे शाफ्टचं मोकळं टोक फडफडतंय. किंचाळण्यासारखा आवाज कोरड्या बुशाचा असतो, कपलिंगचा नाही.

वेगाच्या बोटींचं गणित वेगळं. २००० केव्हीची, म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला २००० फेऱ्यांची मोटर थ्री-एस (तीन सेलच्या) लायपो बॅटरीवर, म्हणजे ११.१ व्होल्टला, भाराशिवाय मिनिटाला २२,२०० फेऱ्या मारते. तिथे प्लास्टिकचा जॉइंट लावू नये, तुटला तर तुकडे हल फोडून जातात. तिथे ४.७६ मिमीची, म्हणजे ३/१६ इंचाची फ्लेक्स केबल (लवचीक शाफ्ट) आणि ती पकडणारं कोलेट लागतं. कोलेटमध्ये जाणारा केबलचा भाग थिनरने पुसून अगदी कोरडा करायचा, दोन पाने लावून आवळायचं. मागे ड्राइव्ह डॉग (प्रॉपेलरला फिरवणारा तुकडा) आणि स्ट्रट (शाफ्टला मागे धरणारा आधार) यांच्यामध्ये ३ ते ६ मिमी जागा सोडायची, कारण पिळ बसला की केबल आखडून लहान होते. जागा नसेल तर डॉग स्ट्रटवर घासून दोन्ही खातो.

निगा राखायला फार वेळ लागत नाही, पण ती त्याच दिवशी व्हायला हवी. बोट घरी आली की हलमधलं पाणी टिपून घ्यायचं आणि जॉइंटवर हात फिरवायचा. खाडीत किंवा समुद्रात चालवली असेल तर जॉइंट, कॉलर आणि ग्रब स्क्रू गोड्या पाण्यात भिजवलेल्या कापडाने पुसून, कोरडे करून तेलाचं बोट लावायचं. स्टर्न ट्यूबमध्ये ग्रीस भरायला ५ मिलिलिटरची सिरिंज सोयीची. ४ मिमी शाफ्टला साधं लिथियम ग्रीस चालतं. २ मिमी शाफ्टच्या छोट्या मोटरला ते जड होतं, तिथे शिवणयंत्राचं तेल. चालवण्याचे तीन-चार तास झाले की नवं ग्रीस, आणि बुशातून आत आलेलं काळं ग्रीस पुसून टाकायचं. नाहीतर जॉइंट ते रिसीव्हरवर फेकतो.

जॉइंट किती झिजला हे कळायला नवा असतानाच एक माप लिहून ठेवावं. मोटर घट्ट धरून प्रॉपेलर हलवायचा आणि पात्याचं टोक किती मिलिमीटर सरकतं ते पट्टीवर बघायचं. हे अंतर दुप्पट झालं की मधला तुकडा बदलायचा. पिनेच्या भोकापासून केसासारखी चीर दिसली तर अंतर न मोजताच बदलायचा. ग्रब स्क्रू आम्ही काळ्या पोलादाचेच वापरतो. स्टेनलेसचे गंजत नाहीत, पण षटकोन लवकर गोल होतो. काळे स्क्रू गंजतात म्हणून डोक्यावर ग्रीस लावायचं आणि पावसाळ्यात बोट बाजूला ठेवली की सगळे नवे घालायचे.

अडकलेला ग्रब स्क्रू जोर लावून फिरवायचा नाही. आधी मधला प्लास्टिकचा तुकडा काढून घ्यायचा, मग ६० वॉटच्या सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर मिनिट-दीड मिनिट धरायचं. थ्रेडलॉकर मऊ पडतो आणि स्क्रू साध्या कीने निघतो. तो निघाला म्हणून शाफ्ट लगेच ओढू नये. जुन्या खुणेवर नखाने बर लागतोय का बघायचं, लागला तर बारीक कानसीने काढून, कीस कापडाने टिपून, मगच शाफ्ट बुशातून बाहेर घ्यायचा.